जोखीम कोणाची आणि विचारले कोणाला?

नागपूर, जून २०२२

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार.

कोरोनाच्या साथीतील मास्क आणि लस या विषयावर गेले दोन आठवडे आपल्या दैनिकात वाचकांची जी पत्रे प्रसिद्ध होत आहेत, ती मी नेमाने वाचत आहे. निमित्त अर्थातच राज्याच्या आरोग्य विभागाने जूनच्या पहिल्या आठवड्यात जिल्ह्यांना पाठविलेल्या पत्राचे आहे. रेल्वे, बस, चित्रपटगृहे, कार्यालये, रुग्णालये, शाळा आणि महाविद्यालये अशा बंदिस्त जागांमध्ये मास्क लावावा असे त्या पत्रात म्हटले होते. त्यातील 'मस्ट' हा इंग्रजी शब्द वाचून सक्ती परत आल्याची आवई उठली आणि लगेच आरोग्यमंत्री राजेश टोपे यांना खुलासा करावा लागला, की ही सक्ती नाही, आवाहन आहे. गुढीपाडव्याला, म्हणजे २ एप्रिलला, निर्बंध उठले तेव्हा आमच्या इमारतीत ज्यांनी मास्क कचरापेटीत टाकून पेढे वाटले होते आणि ज्यांनी ते पेढे मास्क न काढता नुसते हातात घेतले होते, ते दोन्ही पक्ष या एका शब्दावरून पुन्हा समोरासमोर आले आहेत. हे पत्र त्या दोन्ही पक्षांविषयी आहे. मी या इमारतीचा गेली तीन वर्षे सचिव असल्यामुळे दोघांच्याही तक्रारी माझ्याच टेबलावर येतात.

प्रसिद्ध झालेल्या पत्रांत दोन सूर ठळकपणे दिसतात. एका वाचकाचे म्हणणे असे, की माझे शरीर माझे आहे, सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले आहे, तेव्हा मास्क आणि लस हा ज्याच्या त्याच्या वैयक्तिक जोखमीचा प्रश्न आहे आणि इतरांनी त्यात नाक खुपसू नये. दुसऱ्या वाचकाने त्यावर असे सुचविले आहे, की ज्यांनी लस घेतली नाही त्यांना रेशन, बस आणि सरकारी रुग्णालयाची खाट यांपैकी काहीही मिळू नये. दोघेही मोठ्या तळमळीने लिहितात, आणि दोघांचेही मला पटत नाही.

मी आयुर्विम्याच्या कार्यालयात ३४ वर्षे काढली आणि त्यातली बरीचशी वर्षे आलेल्या प्रस्तावांची छाननी करण्यात गेली, त्यामुळे 'जोखीम' हा शब्द माझ्या भाकरीचा शब्द आहे. आमच्या धंद्यात केवळ एकट्याची अशी जोखीम नसतेच. माणूस स्वतःच्या जिवावर सही करतो, पण उद्या दावा आला तर पैसा त्याच्यासारख्याच हजारोंनी भरलेल्या हप्त्यांतून जातो, म्हणूनच तंबाखू खाता का, वडील कोणत्या आजाराने गेले, असे खासगी प्रश्न विचारण्याचा हक्क कार्यालयाला मिळतो. मात्र त्याच कारणाने कार्यालयावर एक बंधनही येते. एकाला विचारलेला प्रश्न दुसऱ्यालाही विचारावा लागतो. साहेबांचा मेहुणा आला म्हणून मधुमेहाचा रकाना कोरा सोडता येत नाही. (सोडला जात असे, हेही मला ठाऊक आहे, पण पुढे दावा आला की तोच रकाना सगळ्यांना भोवत असे.) महासाथीच्या दोन वर्षांत आपण घरोघरी जे वाद घातले, त्यांत या बंधनाचा आपल्याला साफ विसर पडला होता, असे माझे मत आहे.

प्रथम न्यायालयाच्या निकालाविषयी, कारण त्याचा अर्धाच भाग सगळीकडे उद्धृत होत आहे. २ मे २०२२ रोजी न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने हा निकाल दिला, न्या. गवई मूळचे अमरावतीचे आणि नागपूर खंडपीठात वकिली केलेले, त्यामुळे आपल्याकडे त्याची चर्चा जरा आपुलकीनेच झाली. शरीराची स्वायत्तता घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येते आणि म्हणून कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, हे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. पण त्याच निकालात, समाजाच्या आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या हक्कांवर मर्यादा घालू शकते, फक्त ती मर्यादा प्रमाणात असली पाहिजे, असेही म्हटले आहे. लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध न्यायालयाला प्रमाणाबाहेर वाटले, ते लस न घेतलेल्या माणसापासून होणारा प्रसार घेतलेल्या माणसापेक्षा अधिक असतो हे दाखवणारी आकडेवारी सरकारांनी समोर ठेवली नाही म्हणून, आणि रुग्णसंख्या कमी आहे तोवर असे निर्बंध मागे घ्यावेत असे त्यांनी सुचविले. म्हणजे न्यायालयाने 'ज्याचे त्याने पाहावे' असे म्हटलेले नाही. 'दुसऱ्याला किती धोका आहे ते दाखवा आणि मग बोला' असे म्हटले आहे. पहिल्या पत्रलेखकाने हा उत्तरार्ध वाचलेला दिसत नाही, आणि दुसऱ्या पत्रलेखकाने निकालच वाचलेला दिसत नाही.

आता आमच्या इमारतीकडे वळतो. नागपूरच्या दक्षिण-पश्चिम भागातील ही २४ सदनिकांची सामान्य इमारत आहे. २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावरील एका अत्यंत दक्ष गृहस्थांनी पुढे झडप असलेला, म्हणजे लोक ज्याला व्हॉल्व्हवाला म्हणतात तो, एन-९५ मास्क आणला आणि लिफ्टमध्ये इतरांच्या साध्या कापडी मास्ककडे ते दयेने पाहू लागले. तो मास्क आत येणारी हवा उत्तम गाळतो, यात शंका नाही. पण उच्छ्वास झडपेतून न गाळता बाहेर सोडतो. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नेमक्या याच कारणासाठी राज्यांना पत्र लिहून झडपेच्या मास्कबद्दल सावध केले होते. मी ते कात्रण सूचनाफलकावर लावले तेव्हा गृहस्थ म्हणाले, "मी माझी काळजी घेतो, इतरांनी आपापली घ्यावी." त्यांचा मास्क आणि त्यांचे वाक्य एकाच कारखान्यात तयार झाल्यासारखे मला तेव्हा वाटले. त्यांच्याच लिफ्टमध्ये पहिल्या मजल्यावरच्या, हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या आजी साधा कापडी मास्क लावून उभ्या असत आणि तो मास्क त्यांच्यापेक्षा समोरच्याचे रक्षण अधिक करत असे.

लिफ्टचा विषय निघालाच आहे, तर माझ्या सचिवपदाच्या काळातील सर्वांत लाजिरवाणा ठराव सांगितला पाहिजे. टाळेबंदी शिथिल झाल्यावर घरकाम करणाऱ्या बायकांना इमारतीत येऊ द्यायचे की नाही, यावर आम्ही तीन तास वाद घातला आणि शेवटी असे ठरले, की त्यांनी यावे, मास्क लावावा, पण लिफ्ट वापरू नये. रहिवासी मात्र लिफ्टमध्ये मास्क काढून बोलत, कारण 'आपली घरचीच माणसे'. मे महिन्याच्या उन्हात वाठोड्याकडून सायकलवर येणाऱ्या बाई तोंडाला दुपट्टा गुंडाळून चार मजले चढत आणि वर गेल्यावर ज्या घरात फरशी पुसत, त्या घरातले कोणीही मास्क लावलेले नसे. संसर्ग कोणत्या दिशेने जाऊ शकतो, हा प्रश्न त्या तीन तासांत एकदाही निघाला नाही. नागपुरात पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला तो परदेशातून परतलेला होता. रोग विमानातून उतरला होता, पण आम्ही पहारा बसविला तो जिन्यावर. पुढे एप्रिलमध्ये सतरंजीपुरा आणि मोमीनपुरा या वस्त्यांची नावे रोज वर्तमानपत्रांत येऊ लागली, तेव्हा तिकडून येणाऱ्या भाजीवाल्यालाही आम्ही फाटकावरून परत पाठविले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे एक मोठा पुतळा, मिरवत काढून "रोगराई घेऊन जा गे मारबत" असे ओरडण्याची आपल्या शहराची जुनी रीत आहे. ती मारबत निदान कागदाची आणि बांबूची तरी असते.

ऑगस्ट २०२१ मध्ये आणखी एक सूचना निघाली आणि तिच्यावर माझी सही आहे. मुंबईत दोन डोस घेतलेल्यांना १५ ऑगस्टपासून लोकलमध्ये प्रवेश मिळणार, हे वाचून आमच्या कार्यकारिणीला स्फुरण चढले आणि सर्व कामवाल्या बायकांनी त्याच तारखेपर्यंत दोन्ही डोसचे प्रमाणपत्र दाखवावे, असे आम्ही फलकावर लिहिले. मी आयुष्यभर तारखांचे हिशेब केले आहेत, तरीही हा हिशेब मी सही करण्यापूर्वी केला नाही. वाठोड्याच्या त्या बाईंचे वय ३८. १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले १ मे रोजी, तेही फक्त मोबाइलवर आगाऊ वेळ घेऊन. मेच्या दुसऱ्या आठवड्यात साठा नाही म्हणून राज्याने या गटाचे लसीकरणच थांबविले, आणि ते पुन्हा सुरू व्हायला जूनचा तिसरा आठवडा उजाडला. कोव्हिशिल्डच्या दोन डोसांतील अंतर १३ मेपासून १२ ते १६ आठवडे झाले होते. म्हणजे १५ ऑगस्टला दोन डोस दाखवायचे असतील तर पहिला डोस २३ मेच्या आत घेतलेला हवा, आणि त्यातील निम्मे दिवस तो या गटात कोणाला मिळतच नव्हता. कोव्हॅक्सिनचे अंतर २८ दिवसांचे होते, पण ती मोजक्याच केंद्रांवर मिळत असे. आम्ही जे मागत होतो, ते देणे त्यांना जवळजवळ अशक्य होते. बाई पहाटे पाच वाजता महापालिकेच्या केंद्रावर दोन वेळा रांगेत उभ्या राहिल्या, दोन्ही वेळा साठा संपला म्हणून परत आल्या आणि दोन्ही दिवसांची त्यांची सकाळची कामे बुडाली. त्याच सुमारास इमारतीतील पाच सज्ञान रहिवाशांनी, घरी मोटार असून आणि वय ४५ च्या वर असून, एकही डोस घेतलेला नव्हता. सचिव म्हणून मला हे माहीत होते. त्यांच्याकडे प्रमाणपत्र मागण्याची कल्पना कोणाला सुचली नाही, मलाही नाही. मधुमेहाचा रकाना मीच कोरा सोडला.

याहून जवळची एक गोष्ट लिहायला हात कचरतो, पण ती वगळली तर वरचे सगळे लिहिण्याचा मला अधिकार राहत नाही. एप्रिल २०२१ च्या पहिल्या आठवड्यात मला खोकला झाला. मार्चच्या मध्यात मी लशीचा पहिला डोस घेतला होता आणि आता आपल्याला काही होत नाही, असा माझा ठाम समज झाला होता. पहिल्या डोसनंतर शरीराला संरक्षण उभारायला काही आठवडे लागतात आणि त्यानंतरही ते अपुरेच असते, हे केंद्रावरच्या परिचारिकेने सांगितले होते, ते मी ऐकून सोडून दिले होते. खोकला गच्चीवरच्या धुळीचा आहे असे मी घरात जाहीर केले. तीन दिवस बाई आमच्या घरी येऊन काम करून गेल्या. त्यांच्या तोंडाला दुपट्टा होता, माझ्या तोंडाला काहीच नव्हते, कारण मी माझ्या घरात होतो. चौथ्या दिवशी ताप आला आणि चाचणी सकारात्मक आली. त्यानंतर तीन दिवसांनी त्या आजारी पडल्या. त्यांना तो माझ्याकडूनच लागला असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण त्या एप्रिलमध्ये जिल्ह्यात एका दिवसात सात हजारांहून अधिक रुग्ण सापडत होते आणि मेयो आणि मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या आवारात नातेवाईक प्राणवायूची खाट शोधत फिरत होते. माझ्याकडून लागला नाही असे मात्र मला त्याहूनही म्हणता येत नाही. त्या बऱ्या झाल्या. १७ दिवस त्यांचे काम बंद राहिले आणि त्या ज्या चार घरी काम करतात त्यांपैकी दोन घरांनी त्या दिवसांचा पगार कापला. विम्याच्या भाषेत सांगायचे तर हप्ता त्यांनी भरला आणि संरक्षण मी घेतले. मला खोकला आहे, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले असते तर यायचे की नाही ते त्यांनी ठरविले असते. मी सांगितले नाही, कारण तो माझा वैयक्तिक खोकला होता.

आता लस नाकारणाऱ्यांविषयी. दुसऱ्या पत्रलेखकाने त्यांना अडाणी आणि समाजद्रोही म्हटले आहे. माझे थोरले बंधू नागपूरच्या महाल भागात राहतात, वय वर्षे ७४, निवृत्त मुख्याध्यापक, आणि त्यांनी आजवर लस घेतलेली नाही. त्यांना अडाणी म्हणण्याची माझी तरी प्राज्ञा नाही. त्यांची पहिली हरकत अशी होती, की ३ जानेवारी २०२१ रोजी कोव्हॅक्सिनला आपत्कालीन परवानगी मिळाली, तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष हाती आलेले नव्हते. ही हरकत खरी होती आणि अनेक शास्त्रज्ञांनीही ती त्या वेळी घेतली होती. पहिले अंतरिम निष्कर्ष मार्चमध्ये जाहीर झाले. दुसरी हरकत अशी, की सल्ला देणारे दर महिन्याला सल्ला बदलतात. हेही काही खोटे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ जून २०२० पर्यंत निरोगी लोकांनी सरसकट मास्क लावावा असे म्हटले नव्हते. आपल्या सरकारने घरगुती मास्कचा सल्ला त्याच्या दोन महिने आधी दिला. कोव्हिशिल्डच्या डोसांतील अंतर चार आठवड्यांवरून आधी सहा ते आठ आणि मग बारा ते सोळा आठवड्यांवर गेले. ज्या प्लाझ्मासाठी लोकांनी रात्री-बेरात्री दाते शोधले, तो उपचार १७ मे २०२१ रोजी मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने लस घेतलेल्यांना मे २०२१ मध्ये मास्क काढायला सांगितले आणि जुलैअखेर, डेल्टा आल्यावर, पुन्हा लावायला सांगितले. माझे म्हणणे एवढेच, की नवी माहिती आल्यावर मत बदलणारा डॉक्टर मला मत न बदलणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो. पण आधीचे मत ज्या ठामपणाने सांगितले होते, त्याची कबुली न देता नवे मत तितक्याच ठामपणाने सांगणे, ही चूक सल्ला देणाऱ्यांची होती. लस घेतल्यावर संसर्ग होणारच नाही, असे ज्यांनी सांगितले त्यांनी माझ्या बंधूंना आयते हत्यार दिले. लस प्रामुख्याने रुग्णालय आणि मृत्यू यांपासून वाचविते आणि संसर्गापासून कमी काळ आणि कमी प्रमाणात, हे सुरुवातीपासून साध्या शब्दांत सांगितले असते, तर ओमिक्रॉनच्या वेळी दोन डोस घेतलेले लोक आजारी पडू लागल्यावर 'मग उपयोग काय' हा प्रश्न निम्म्या घरांत तरी आला नसता.

या जानेवारीत (२०२२) बंधूंना संसर्ग झाला, तीन दिवस ताप आला आणि ते बरे झाले. तेव्हापासून दर फोनला ते "बघ" म्हणतात. मी त्यांना एवढेच सांगतो, की एका पॉलिसीवरून मृत्युदराचा तक्ता तयार होत नाही. ७४ वर्षांचा, लस न घेतलेला एक माणूस सुखरूप राहिला, याने तशा हजार माणसांचे काय झाले ते कळत नाही. ते हसतात. माझे तर्कशास्त्र त्यांना पटवू शकलेले नाही, हे मी इथे मान्य करतो.

मात्र एका प्रसंगी आमच्या दोघांचाही वाद एका वाक्यात संपला. आमची धाकटी बहीण मूत्रपिंडाच्या आजारामुळे आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर असते. गेल्या भाऊबीजेला, ६ नोव्हेंबरला, तिच्याकडे कोणी जायचे यावरून आम्हा भावांचे आठवडाभर फोनवर भांडण चालले होते. मी म्हणत होतो, लस न घेतलेल्याने तिच्या घरी पाऊल ठेवू नये. ते म्हणत होते, तू दोन डोस घेऊन गावभर फिरतोस, मी वर्षभर घराबाहेर पडलेलो नाही, तेव्हा धोका कोणाचा अधिक? खरे सांगायचे तर त्यांचा मुद्दा बिनतोड होता आणि म्हणूनच मी अधिक चिडलो होतो. त्या आठवड्यात आम्ही एकमेकांना, बायकांना, भाच्याला, एका परिचित डॉक्टरांना, सर्वांना फोन केले. बहिणीला केला नाही. शेवटी तिनेच केला. "तुमचं दोघांचं संपलं असेल तर आता माझं ऐका. दोघंही या. अंगणात बसायचं, मास्क लावून. ओवाळीन मी; फराळाचा डबा घरी नेऊन खा. आणि दोघांपैकी कोणाला साधी सर्दी असली तर त्यानं येऊ नये, मला वाईट वाटणार नाही." आम्ही गेलो, अंगणात खुर्च्या टाकून चार हातांवर बसलो आणि मास्क न काढताच कपाळाला कुंकू लावून घेतले. धोका तिचा होता, तेव्हा नियम तिने करावेत, हे आम्हा दोघा शिकलेल्या भावांना आठवडाभरात सुचले नव्हते. तिच्या चार अटींमध्ये लशीचा शब्दही नव्हता. हवा मोकळी, तोंड झाकलेले, वेळ थोडा आणि आजार लपवायचा नाही, एवढेच तिने मागितले, आणि नोव्हेंबर २०२१ पर्यंत या रोगाविषयी जे कळले होते ते पाहता याहून अधिक नेमके कोणा तज्ज्ञानेही मागितले नसते.

मोकळ्या हवेवरून एक गोष्ट सांगाविशी वाटते. आपल्याकडे मास्कने जीव गुदमरतो अशी तक्रार करणारी मंडळी मे महिन्यात नाकावरून दुपट्टा घट्ट गुंडाळून, वर टोपी आणि गॉगल चढवून सीताबर्डीची बाजारपेठ पालथी घालतात, तेव्हा कोणी गुदमरत नाही. उन्हाचा धोका प्रत्येकाला आपल्या कातडीवर कळतो, म्हणून तिथे सक्तीचे पथक लागत नाही. तरीही ४५ अंशांत भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या सावजी भोजनालयातील कामगाराला किंवा दिवसभर बोलणाऱ्या शिक्षिकेला मास्कचा त्रास होतो, हे मी नाकारत नाही, आणि महापालिकेच्या उपद्रव शोध पथकाने ५०० रुपयांची पावती फाडल्याने तो त्रास कमी होत नसे. अशा ठिकाणी हवेकडे लक्ष देणे अधिक उपयोगाचे होते. हा रोग मुख्यतः आपण एकमेकांच्या श्वासातली हवा घेतो म्हणून पसरतो, हे उघडपणे मान्य व्हायला उशीर झाला. तोवर आम्ही भाजी साबणाने धूत होतो आणि सभा मात्र दारे-खिडक्या बंद करून वातानुकूलित सभागृहात घेत होतो. गंमत अशी, की नागपूरचा जुना वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि खिडकी उघडी असल्याशिवाय तो नीट चालतच नाही. २०२० च्या एप्रिलमध्येच वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेने कूलरने बाहेरचीच हवा घ्यावी, असा सल्ला दिला होता. आमच्या सभागृहातील कूलर त्याच्या आदल्या वर्षी भंगारात देऊन आम्ही एसी बसविला होता, याचा ठराव माझ्याच हस्ताक्षरात आहे.

संपादक महोदय, या महिन्यात, म्हणजे जून २०२२ मध्ये, रुग्ण पुन्हा वाढत आहेत, जूनच्या अखेरीस विदर्भातील शाळा उघडतील, आणि वर्धक मात्रा (बूस्टर डोस) साठीच्या आतल्यांना सध्या खासगी केंद्रावर लशीचे २२५ रुपये आणि वर सेवाशुल्क देऊन घ्यावी लागत आहे, म्हणजे ज्या घरात चार सज्ञान माणसे आहेत आणि ती रोजंदारीवर आहेत, त्या घराने ती घ्यावी अशी अपेक्षा करणे कठीण आहे. अशा वेळी 'सक्ती की स्वातंत्र्य' हा वाद घालण्याआधी प्रत्येक इमारतीने, कार्यालयाने आणि कुटुंबाने आपल्यात सर्वांत नाजूक कोण आहे हे पाहून त्याला विचारावे, असे माझे सुचविणे आहे. सक्तीचे काय होते हे महाराष्ट्राला नव्याने शिकायला नको. ज्या साथरोग कायद्याखाली आपल्यावर परवापर्यंत निर्बंध होते तो १८९७ चा आहे, आणि प्लेगच्या नावाने घरात घुसणाऱ्या तुकड्यांचा संताप येऊन पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याला येत्या २२ जूनला १२५ वर्षे होतील. पण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या, हेही त्या साथीतच घडले आहे. जोखीम वैयक्तिक म्हणायचीच असेल, तर ती त्यांनी घेतली तशी, दुसऱ्यावर न ढकलता घेतलेली असावी.

आमच्या इमारतीपुरते सांगायचे तर येत्या रविवारी, २६ जूनला, विशेष सभा बोलावली आहे. ती गच्चीवर होईल आणि पाऊस आला तर खाली वाहनतळात. लिफ्ट आणि प्रमाणपत्र यांविषयीचे जुने दोन्ही ठराव रद्द करण्याचा प्रस्ताव मी स्वतः मांडणार आहे. ज्याला खोकला किंवा ताप आहे त्याने, तो मालक असो की नोकर, लिफ्टमध्ये मास्क लावावा आणि आजारपणात काम बंद राहिल्यास बाईंचा पगार कापला जाऊ नये, असे दोन नवे ठराव विषयपत्रिकेवर आहेत; दुसऱ्याला विरोध होणार, हे खजिनदारांनी मला आधीच कळविले आहे. या वेळी पहिल्यांदाच मी बाईंना, आपल्याला काय हवे ते सांगा, असे विचारले. मास्क किंवा लशीबद्दल त्यांना काहीच म्हणायचे नव्हते. थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "घरात कोणी खोकलत असन तं मले आधी फोन करत जा जी. याचं का नाई, ते मी पाहीन." त्यांचे हे म्हणणे विषय क्रमांक चार म्हणून, त्यांच्याच शब्दांत, सूचनाफलकावर लावले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विमा कर्मचारी,
नागपूर